ओळख पटवणारी रेषा : 'मुन्नू' आणि व्यंगचित्रकाराचा पेशा

साहित्यकृतीच्या समीक्षेत तिच्या निर्मितीमागील श्रमांचा हिशेब सहसा मांडला जात नाही. कविता किती दिवसांत लिहून झाली, कादंबरीचे किती खर्डे झाले, हे प्रश्न चरित्रकाराचे मानले जातात. रेखाचित्रांतून सांगितलेल्या दीर्घ कथनाबाबत मात्र हा संकेत पाळणे कठीण जाते, कारण तेथे वाचकाचा वेळ आणि कर्त्याचा वेळ यांत विलक्षण अंतर असते. एका पृष्ठावरील सहा-सात चौकटी वाचक मिनिटाभरात ओलांडतो. त्याच पृष्ठाची कच्ची आखणी, पेन्सिलीचे रेखाटन, शाईकाम आणि संवादांचे अक्षरलेखन हे सारे एकाच हाताने करावयाचे तर पूर्ण दिवस, पुष्कळदा त्याहून अधिक काळ खर्ची पडतो. साडेतीनशे पृष्ठांची चित्रकादंबरी म्हणजे तरुण कलावंताच्या उमेदीतली काही वर्षे. ही वर्षे त्याने कोणत्या कामातून वाचवली, आणि त्या कामाने हाताला लावलेल्या सवयी त्याने बरोबर आणल्या की वाटेत टाकून दिल्या, हे प्रश्न म्हणूनच केवळ चरित्राचे राहत नाहीत. कृतीच्या घाटात त्यांची उत्तरे उमटलेली असतात.

मलिक सजाद यांची 'मुन्नू : अ बॉय फ्रॉम काश्मीर' ही पहिली चित्रकादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९८७ साली श्रीनगर येथे जन्मलेल्या सजाद यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी 'ग्रेटर काश्मीर' या इंग्रजी दैनिकात व्यंगचित्रे काढण्यास आरंभ केला. पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले, आणि २०१५ साली लंडनच्या फोर्थ इस्टेट या प्रकाशनसंस्थेने त्यांचे हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचा नायक मुन्नू हा लेखकाच्याच आयुष्यातून घडलेला आहे. तथापि लेखक आणि नायक यांना एकच समजण्याचे कारण नाही. मुन्नूचे बालपण, त्याची चित्रे काढण्याची ओढ, दैनिकातील नोकरी आणि अखेर दीर्घ चित्रकथेकडे वळणे असा या कृतीचा प्रवास आहे. म्हणजेच एक व्यंगचित्रकार आपल्या पहिल्या चित्रकादंबरीपर्यंत कसा येऊन पोहोचला, हा तिच्या आशयाचाच एक भाग आहे. काश्मीरविषयक ग्रंथ म्हणून तिची चर्चा बरीच झाली. एका पेशाची कथा म्हणूनही ती वाचता येते, आणि तशी वाचल्यास तिच्या सामर्थ्याचे व मर्यादांचे अधिक नेमके आकलन होते.

व्यंगचित्रकाराच्या पेशाची दोन मूलभूत अंगे येथे प्रथम लक्षात घ्यावी लागतात. पहिले अंग ओळख पटवण्याचे. राजकीय व्यंगचित्रात पुढाऱ्याचे नाक, भुवया, चालण्याची ढब यांतील एखादे वैशिष्ट्य उचलून ते असे वाढवावे लागते की नाव न लिहिताही वाचकाने व्यक्ती ओळखावी. अर्कचित्राची सारी कला या ओळखीवर उभी असते. दुसरे अंग समाप्तीचे. दैनिकातील चित्र एका चौकटीत सुरू होते आणि तिथेच संपते; त्याला मागचे स्मरण नसते व पुढची जबाबदारी नसते. संध्याकाळी ते छापखान्याकडे जाते आणि दुसऱ्या सकाळी नवी बातमी नवी चौकट मागते. मराठी वाचकाला ही दोन्ही अंगे परिचयाची आहेत. शि. द. फडणीस यांच्या शब्दविरहित हास्यचित्रांत एकाच चौकटीत प्रसंग पूर्ण करण्याची सिद्धी आहे. वसंत सरवटे यांनी व्यंगचित्रे काढली, तसेच या कलेविषयी गंभीरपणे लिहून तिच्या आस्वादाची परिभाषा घडवण्याचा यत्न केला. १९९१ पासून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने दैनिकातील चित्रपट्टी मराठी घरांत रुजवली. तिथे पात्रे रोज तीच असली तरी विनोद रोजच्या रोज मिटतो. शेकडो पृष्ठे चालणारे, एकाच हाताने लिहिलेले व काढलेले कथन ही या परंपरेच्या बाहेरची गोष्ट आहे. त्यासाठी 'चित्रकादंबरी' हा शब्द वापरला जातो. पण एकचौकटी चित्रकाराने कादंबरीकडे वळायचे तर त्याला आपल्या पेशातील नेमके काय सोडावे लागते, याचा विचार त्या शब्दात येत नाही. 'मुन्नू' तो विचार करावयास लावते.

मुन्नूची रेषा दैनिकाच्या कचेरीत जन्मलेली नाही. तिचे पहिले घर वडिलांचे काम हे आहे. मुन्नूचे वडील कोरीवकाम करणारे कारागीर आहेत. श्रीनगरच्या तांबटकामात समोवर, तबके, हात धुण्याची भांडी यांवर नक्काश छिन्नीने चिनारची पाने, कमळे व वेलबुट्टी उतरवतो. अक्रोडाच्या लाकडावरील कोरीवकामाची परंपराही तितकीच जुनी आहे. या शहराला २०२१ साली युनेस्कोने हस्तकला व लोककलांचे शहर म्हणून आपल्या सर्जनशील नगरांच्या जाळ्यात स्थान दिले ते अशाच कामांमुळे. छिन्नीच्या रेषेचा एक नियम असतो : ती पुसता येत नाही. हात एकदा चुकला तर चूक झाकणारी वेल कोरावी लागते किंवा भांडे टाकून द्यावे लागते. दुसरा नियम असा की नक्षी कोण्या एकाची नसते. तीच पाने आजोबांनी कोरली, वडिलांनी कोरली आणि मुलगाही कोरील. कारागिराचे नाव नक्षीखाली येत नाही.

पुस्तकातील चित्रे पाहताना या घराण्याची खूण पटते. पृष्ठे काळ्या-पांढऱ्या रंगांची आहेत. अंधाराचे मोठे पट्टे आणि त्यांतून खरवडून काढल्यासारखा उजेड, घट्ट समांतर रेघांनी भरलेल्या भिंती व आकाश, चौकटींची करडी शिस्त यांमुळे ही चित्रे कागदावर ब्रशाने काढलेली न वाटता लाकडी ठशावरून उमटवलेली वाटतात. युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्स मासरील याने काष्ठखुदाईतून शब्दविरहित चित्रकादंबऱ्या रचल्या होत्या. त्यांची आठवण एखाद्या अभ्यासकाला येईल. पण येथील रेषेचे कूळ घरातच आहे. वडिलांच्या हाताखाली बसून मुलाने जे उचलले ते नक्षीच्या नमुन्यांपुरते नव्हते. पृष्ठभागाशी झुंजत, सावकाश, पुनरावृत्तीला न कंटाळता काम करण्याची ती सवय होती, आणि दीर्घ पटाच्या चित्रणाला हीच सवय सर्वाधिक उपयोगी पडते.

शाळेत या रेषेला पहिले ग्राहक मिळतात. मुन्नू एके-४७ बंदूक हुबेहूब काढतो आणि वर्गमित्र त्याच्याकडून ती काढून घेतात. इतरत्र मुले फुले, विमाने, क्रिकेटपटू काढून घेतील. येथे नव्वदीच्या दशकातील श्रीनगरच्या मुलांना जी वस्तू रोज दिसते आणि जिचे भय व आकर्षण दोन्ही आहे, तिची मागणी होते. चित्रकाराच्या पेशाचे बीज या प्रसंगात आहे. मागणी बाहेरून येते, विषय परिस्थिती ठरवते आणि हात ते पुरे करतो. लेखकाने या प्रसंगावर भाष्याचा भार टाकलेला नाही, म्हणूनच तो परिणामकारक होतो. पुढे दैनिकासाठी काढलेली चित्रेही एका अर्थाने या शालेय चित्रांचीच मोठी आवृत्ती आहेत : लोक जे पाहत आहेत ते त्यांना काढून देणे.

काश्मीरच्या खोऱ्यात व्यंगचित्राची परंपरा क्षीण नाही. 'श्रीनगर टाइम्स' या उर्दू दैनिकात बशीर अहमद बशीर यांच्या व्यंगचित्रांनी अनेक दशके वाचकांच्या मनात घर केले होते. अशा भूमीत किशोरवयात दैनिकाचा चित्रकार होणे म्हणजे वयाला न पेलणारी सार्वजनिक जबाबदारी स्वीकारणे होय. संचारबंदी असेल तर कचेरीत पोहोचायचे कसे, येथून प्रश्न सुरू होतो. काय काढायचे आणि काय न काढता सुचवायचे, येथवर तो जातो. २००८ मधील अमरनाथ जमीन हस्तांतराविरुद्धचे आंदोलन, २०१० च्या उन्हाळ्यात शंभराहून अधिक माणसांचा बळी घेणारी निदर्शने, असा हा काळ आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी, जुलै २०१६ मध्ये, श्रीनगरमधील छापखान्यांवर कारवाई होऊन काही दिवस वृत्तपत्रे निघूच शकली नाहीत. रोजच्या चौकटीचा आधार असलेला 'उद्याचा अंक' तिथे गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून दिसते.

या पेशातील धोका पुस्तकात सर्वांत तीव्रपणे प्रकटतो तो काश्मीरबाहेर. दिल्लीस आलेला मुन्नू सायबर कॅफेतून आपले चित्र पाठवत असताना ते चित्रच त्याला संशयित ठरवते. प्रसंगाचा विपर्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या हाताचे काम इतरांची ओळख पटवणे, त्याच हाताच्या कामावरून कोणी त्याची ओळख चुकीची पटवतो. चित्र कोण पाहतो आहे यावर चित्राचा अर्थ अवलंबून असतो, हे सौंदर्यशास्त्रातील साधे विधान येथे पोलिसी चौकशीच्या रूपाने समोर येते.

ओळख पटवणे हा शब्द काश्मीरच्या संदर्भात निरुपद्रवी नाही. पुस्तकाच्या पूर्वार्धात 'क्रॅकडाउन'ची वर्णने आहेत. वस्तीला वेढा पडतो, पुरुषांना घराबाहेर काढून मैदानात रांगेत बसवले जाते, आणि खबऱ्यासमोरून एकेकाला पुढे नेले जाते. खबऱ्याने कोणाकडे बोट दाखवले यावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य ठरते. मुन्नूचे वडील आणि थोरला भाऊ बिलाल या ओळख परेडींना वारंवार जातात. घरी राहिलेल्या मुलाला ते परत येतील की नाही एवढाच प्रश्न असतो. चेहरा असणे, वेगळा ओळखू येणे, ही येथे जिवावर बेतणारी गोष्ट ठरते.

या पार्श्वभूमीवर पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा कलानिर्णय समजून घेतला पाहिजे. सजाद यांनी काश्मिरी पात्रांना माणसाचे चेहरे दिलेले नाहीत. त्यांना हंगुलची मुखे दिली आहेत. हंगुल हे काश्मीरचे हरीण; दाचीगामच्या राष्ट्रीय उद्यानात त्याचा मुख्य अधिवास उरला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हजारोंच्या संख्येने असलेला हा प्राणी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोनशेच्याही खाली आला. २०२३ च्या गणनेत त्याची संख्या २८९ भरली. नामशेष होण्याच्या भयाखाली जगणाऱ्या समाजाचे प्रतीक म्हणून हंगुलची निवड सहज समजते, आणि बहुतेक समीक्षकांनी तेवढ्यावरच समाधान मानले आहे.

प्रतीकाच्या पलीकडे या निवडीचे एक कारागिरीचे परिणामस्वरूप आहे आणि ते अधिक मूलगामी आहे. हंगुलचे मुख सर्वांना सारखेच बसते. बाप, भाऊ, शेजारी, दुकानदार, बंडखोर, खबऱ्या यांच्या चेहऱ्यांत फरक उरत नाही. म्हणजेच दैनिकात वर्षानुवर्षे काम केलेल्या व्यंगचित्रकाराने आपल्या पेशाचे मुख्य हत्यार, चेहऱ्यातील वैशिष्ट्य हेरून वाढवण्याची कला, स्वतःहून खाली ठेवले आहे. पात्र ओळखावयाचे तर वाचकाला त्याच्या अंगकाठीकडे, फेरनच्या घोळाकडे, हातातील कामाकडे, बोलण्याच्या लकबीकडे आणि कुटुंबातील त्याच्या जागेकडे पाहावे लागते. ओळख चेहऱ्यावरून न पटता सहवासातून पटते; आणि सहवासासाठी पृष्ठे लागतात, काळ लागतो. एकचौकटी व्यंगचित्राला जे मुळीच परवडत नाही तेच कादंबरीला साधते. ओळख परेडीतील खबऱ्याला या पुस्तकाच्या पृष्ठांवर आणून उभे केले, तर त्याला कोणाकडेही बोट दाखवता येणार नाही. कलावंताने आपल्या माणसांना दिलेले हे एक संरक्षण आहे.

येथे आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'शी तुलना अपरिहार्य ठरते. १९८६ व १९९१ साली दोन खंडांत आलेल्या आणि १९९२ मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या त्या कृतीत ज्यू उंदरांच्या आणि जर्मन मांजरांच्या रूपात आहेत. सजाद यांच्यावर तिचा प्रभाव उघड आहे. परंतु 'माउस'मध्ये प्रत्येक समूहाला प्राण्याचा मुखवटा आहे. त्यामुळे मुखवट्यांची एक पूर्ण व्यवस्था तयार होते व वंशवादी वर्गीकरणाचा उपहास होतो. 'मुन्नू'त काश्मिरी तेवढे हंगुल आहेत आणि बाहेरून आलेले लोक माणसे आहेत. परिणामी माणसाचा चेहरा, जो चित्रातील सर्वांत परिचित आकार असावयाचा, तोच या पुस्तकात परका आणि काहीसा भीतिदायक होतो. वाचकही माणूस असल्याने त्याला आपली जागा कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. भारतातील वाचकाला तर तो अधिकच टोचतो.

या रचनेचा तोटाही आहे. एका समाजाला एकच मुख दिले की त्याच्या अंतर्गत भेदांना जागा कमी उरते. काश्मिरी पंडितांच्या विस्थापनाची छाया पुस्तकात आहे. त्यांची ओस पडलेली घरे मुन्नूच्या नजरेस पडतात, आणि शेजारधर्म तुटल्याची जाणीव कथनात उमटते. मात्र ती घरे सोडून गेलेल्यांची कथा येथे येत नाही. सात वर्षांच्या मुलाला रिकामे घर दिसते, त्यातील माणसे दिसत नाहीत, असे याचे समर्थन करता येईल, आणि बालनिवेदनाच्या मर्यादेत ते रास्तही आहे. परंतु कथन पुढे तरुण मुन्नूच्या हाती जाते तेव्हाही ही पोकळी तशीच राहते. राहुल पंडिता यांचे २०१३ मधील 'अवर मून हॅज ब्लड क्लॉट्स' हे आत्मकथन या पुस्तकाशेजारी ठेवून वाचले, तर दोन्ही पुस्तकांत एकाच शहराच्या वेगवेगळ्या भिंती दिसतात. अभ्यासकाने त्यांतील एकीच्या बळावर दुसरी खोटी ठरवण्याचा मोह टाळावा.

पेशाच्या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे समाप्तीच्या सवयीचा, त्याग मात्र सजाद यांना तितका पूर्णपणे साधलेला नाही. पूर्वार्धातील अनेक पृष्ठे आपल्या गतीने चालतात. साखरेची हाव, भावंडांची भांडणे, आईची काळजी, बंद पडलेली शाळा, शेजाऱ्यांची मरणे आणि त्यांनंतर मुलाला झोप न येणे, हे सारे एकातून दुसऱ्यात उलगडत जाते. दोन चौकटींमधील मोकळ्या पट्टीत वाचकाला थांबू दिले जाते. दैनिकातील चित्राला अशी पट्टी नसतेच. त्याच्या चारी बाजूंना बातम्या असतात. ही मोकळी जागा वापरता येणे हे एकचौकटी चित्रकार दीर्घ कथनाचा कर्ता झाल्याचे खरे गमक मानावे लागेल.

उत्तरार्धात मुन्नू दैनिकाच्या जगात शिरतो आणि पृष्ठांवरही दैनिकाची घाई शिरते. प्रसंग आटोपशीर होतात. प्रत्येकाच्या अखेरीस एक बोचरा निष्कर्ष येतो. बाहेरून आलेली माणसे, अधिकारी, पाहुणे यांच्याबाबत सोडून दिलेले अर्कचित्राचे हत्यार पुन्हा हाती घेतलेले जाणवते. काश्मीरच्या इतिहासाची माहिती देणारा भाग तर कथनापासून अलग पडतो. त्याची आवश्यकता नाकारता येत नाही. लंडनमधून प्रसिद्ध होणारे इंग्रजी पुस्तक ज्या वाचकाच्या हाती पडणार त्याला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. पण ही आवश्यकता वाचकाच्या गरजेतून आली आहे, मुन्नूच्या गरजेतून नव्हे. शाळेतील मुलांनी बंदूक मागितली होती. आता दूरचा वाचक संदर्भ मागतो. मागणी पुरी करण्याची पेशाची सवय सहजासहजी सुटत नाही, याचा हा पुरावा म्हणता येईल.

याच उत्तरार्धात दीर्घ चित्रकथेचा शोध हा विषय म्हणून येतो. जो सॅको यांच्या 'पॅलेस्टाइन'शी झालेली ओळख मुन्नूला नवी शक्यता दाखवते. १९९१-९२ च्या हिवाळ्यात सॅको यांनी पॅलेस्टिनी प्रदेशात हिंडून जमवलेल्या साक्षी १९९३ ते १९९५ या काळात नऊ अंकांतून चित्रांकित केल्या होत्या. बातमी आणि दीर्घ रेखाकथन यांची सांगड घालता येते, एवढा धडा त्यांतून दैनिकातल्या चित्रकाराला मिळतो. मात्र सॅको हे बाहेरून आलेले वार्ताहर आहेत. ते परत जाऊ शकतात, आणि आपल्या पुस्तकात ते स्वतःलाही गंमतीदार अर्कचित्राच्या रूपात काढतात. मुन्नूला परत जाण्यासाठी दुसरे घर नाही. साक्ष गोळा करणारा व साक्ष देणारा हे दोघे त्याच्या ठिकाणी एकच असल्याने सॅको यांची पद्धत त्याला जशीच्या तशी उचलता येत नाही. हंगुलचा मुखवटा हे या अडचणीचे उत्तर आहे. त्या मुखवट्यामागे लेखकही आपल्या माणसांत मिसळून जातो.

पहिले दीर्घ पुस्तक पुरे करण्यासाठी लागणारा वेळ तरुण चित्रकाराने कसा उभा करायचा, याची जगभर निरनिराळी उत्तरे सापडतात. स्पीगलमन यांनी 'माउस'वर तेरा वर्षे काम केले आणि त्या काळात बराच वेळ टॉप्स या च्युइंगगम कंपनीसाठी चित्रमय पत्ते व गमतीच्या वस्तू रचून उदरनिर्वाह चालवला. शिवाय प्रकरणे आपल्याच 'रॉ' या नियतकालिकातून क्रमशः छापली. मार्जान सत्रापी यांना पॅरिसमधील सामायिक चित्रशाळेत समव्यावसायिकांची सोबत मिळाली, आणि २००० सालापासून 'पर्सेपोलिस' चार छोट्या खंडांत बाहेर पडले. खंडशः प्रकाशनाचा लाभ असा की चित्रकाराला वाटेत श्वास घेता येतो, वाचकाचा प्रतिसाद मिळतो, थोडे पैसेही हाती येतात. 'मुन्नू' वाचकांसमोर आले ते एकाच अखंड खंडाच्या रूपात. भारतात रेखाकथनासाठी नियमित नियतकालिके व त्यांचे मानधन यांची व्यवस्था फारशी उभी राहिलेली नाही. काश्मीरविषयी २००७ मध्ये आलेली नसीर अहमद व सौरभ सिंग यांची 'काश्मीर पेंडिंग' ही चित्रकादंबरीही फँटमव्हिल या छोट्या, खास या प्रकारासाठी काढलेल्या प्रकाशनामुळे शक्य झाली होती. अशा स्थितीत दैनिकाची नोकरी हे तरुण चित्रकाराचे शत्रूही असते व आश्रयस्थानही. ती त्याचा दिवस घेते, पण हात चालता ठेवते. रोज काढण्याची, रोज ठरल्या वेळी संपवण्याची शिस्त लावते. साडेतीनशे पृष्ठे संपवण्यासाठी ही शिस्त लागतेच. केवळ प्रतिभेच्या बळावर त्या पृष्ठांचे शाईकाम होत नाही.

यामुळे 'मुन्नू'तील गुणदोषांचे उगम वेगवेगळे नाहीत असे दिसते. वडिलांच्या छिन्नीने पुनरावृत्तीची सहनशीलता दिली, दैनिकाने समाप्तीची शिस्त दिली, आणि कादंबरीने या दोहोंकडून त्यांच्या स्वभावाविरुद्ध काम मागितले. कारागिराच्या निनावी नक्षीने एका माणसाची कथा सांगावी आणि व्यंगचित्रकाराच्या चतुर रेषेने चेहरा झाकावा, अशी ही मागणी होती. जेथे ती पुरी झाली तेथे पुस्तक भारतीय रेखासाहित्यातील अत्युत्तम पृष्ठांपर्यंत पोहोचते. ओळख परेडीची पृष्ठे, रात्रीच्या भयाची पृष्ठे व घरातील साध्या कामांची पृष्ठे ही त्याची उदाहरणे होत. जेथे हात जुन्या सवयीकडे वळला तेथे ते माहितीपूर्ण, धारदार, पण पुढच्या अंकाबरोबर विसरले जाईल अशा व्यंगचित्रांच्या जवळ जाते.

विद्यार्थ्यांनी या कृतीकडे वळताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती २०१५ पर्यंतचे काश्मीर सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये अनुच्छेद ३७० अन्वये असलेला विशेष दर्जा संपुष्टात आला, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेशांत विभाजन झाले, आणि दीर्घकाळ दूरसंचार व इंटरनेट यांवर निर्बंध राहिले. या घटनांनंतर पुस्तक वाचणाऱ्याला त्यात पूर्वसूचना शोधण्याचा मोह होईल. कादंबरीचे मोल पूर्वसूचनांवर ठरत नसते. दैनिकातील चित्र दुसऱ्या दिवसाच्या घटनेने जुने होते. कादंबरीतील माणसे, त्यांना माणसाचा चेहरा नसला तरी, घटनांनी जुनी होत नाहीत. बिलालची वाट पाहणारा मुलगा व तांब्यावर पाने कोरणारा बाप यांना वाचक आज ज्या कारणाने ओळखतो, त्याच कारणाने पुढेही ओळखील. मात्र ही ओळख कोणाला रांगेतून वेगळे काढण्यासाठी झालेली नसेल, आणि दैनिकाच्या चौकटीतून बाहेर पडलेल्या या तरुण चित्रकाराची खरी कमाई तीच आहे.